वय झालंय म्हणजे नक्की काय झालंय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर अधूनमधून लेख येतात ते मी आवर्जून वाचते. पिल्लू घरी आणताना काय बघायचं, शी-शूची सवय कशी लावायची, कुठली लस कधी, दात शिवशिवतात तेव्हा चपला कशा वाचवायच्या, सगळं असतं. पण तेच पिल्लू बारा-तेरा वर्षांचं झालं की पुढे काय, ह्यावर एक ओळ नसते. जणू कुत्री मोठी होतात आणि डायरेक्ट फोटोफ्रेममध्येच जाऊन बसतात. मधली जी दोन-तीन वर्षं असतात ना, ती आम्ही नुकतीच काढली, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमचा बंड्या. मिक्स जातीचा, पण डोकं आणि खादाडपणा बघता लॅब्रॅडॉरचा अंश नक्की होता. साडेचौदा वर्षांचा होऊन दोन महिन्यांपूर्वी गेला. अकरा वर्षांचा असताना त्याने सोफ्यावर उडी मारणं बंद केलं. म्हणजे एकदम नाही. सोफ्यापाशी येऊन उभा राहायचा, पुढचे दोन पाय वर ठेवायचा, आमच्याकडे बघायचा, आणि थोड्या वेळाने पाय काढून घेऊन खालीच बसायचा. मी काय म्हणाले असेन? "चला, सोफ्यावरचे केस तरी कमी झाले." हे मी खरंच म्हणाले आहे आणि आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. मग जिना चढताना थांबायला लागला, फिरायला नेलं की अर्ध्या रस्त्यातून मागे वळायला लागला, आणि प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य, वय झालंय त्याचं. शेजारी पण तेच, लसीकरणाला नेलं तिथल्या डॉक्टरांनी पण पाठीवर थोपटून तेच सांगितलं, आणि ते ऐकून खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण वय झालंय म्हटलं की पुढे काही करायचं शिल्लक राहत नाही.

आता गंमत बघा, त्याच वर्षी आमच्या सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे गुडघे दुखत होते. त्यांचा एक्स-रे झाला, गोळ्या सुरू झाल्या, फिजिओथेरपी झाली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. वय तर त्यांचंही झालं होतं की. पण अण्णांना बोलता येत होतं आणि ते दिवसातून चाळीस वेळा "आई गं" म्हणत होते, बंड्या एकदाही म्हणाला नाही.

ओळखलं शेवटी अण्णांनीच. एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, हा बघ माझ्यासारखाच उठतो. आधी पुढचं धड उचलतो, मग थांबतो, मग मागचं ओढून घेतो. दुखतंय त्याला." मग मी नीट बघितलं. खरंच, मधे तो एक क्षण थांबायचा, बसल्यासारखा, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मागच्या मांड्या हाताला लागतील इतक्या बारीक झालेल्या, आणि मागच्या पायांची नखं पुढून घासलेली, कारण पाय पूर्ण उचलतच नव्हता. रोज अंगावरून हात फिरवणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, ती माणूस मी.

इथे एक मोठी चूक केली, ती मुद्दाम लिहितेय. रविवार होता, डॉक्टर भेटणार नव्हते, म्हटलं बिचाऱ्याला उद्यापर्यंत कशाला दुखू द्यायचं, आणि अण्णांची दुखण्यावरची अर्धी गोळी दिली त्याला. परत रात्री अर्धी. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, आणि त्याच्या पुढच्या दिवशी शी डांबरासारखी काळी. काळी शी म्हणजे पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव, हे तेव्हा कळलं. नवीन डॉक्टरांकडे पळत नेला, त्यांनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, किडन्या निकामी होऊ शकतात, आणि अर्धी दिली, पाव दिली असलं काही गणित त्यात चालत नाही. पॅरासिटामॉलही मनाने द्यायची नाही, मांजरीला तर तिची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. बंड्या वाचला, चार दिवस सलाइनवर काढून. कुत्र्यांसाठीच्या सांधेदुखीच्या गोळ्या वेगळ्या असतात, कारप्रोफेन वगैरे, आणि त्याही आधी ब्लड टेस्ट करून, लिव्हर-किडनी ठीक आहेत बघून मग वजनाप्रमाणे देतात. घरात दुसऱ्याची गोळी उरली म्हणून देऊन बघू, हा जो आपला सगळ्यांचा स्वभाव आहे ना, तो इथे नको.

तो बरा झाल्यावर एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. डॉक्टर म्हणाले वर्षभर तरी दुखत असणार. मी म्हटलं, पण तो एकदाही कण्हला नाही. ते म्हणाले, अशा जुन्या दुखण्यात कुत्रं क्वचितच कण्हतं, ते फक्त एकेक गोष्ट करायची सोडून देत जातं. उडी सोडतं, जिना सोडतं, अंग झटकणं सोडतं, आणि आपण म्हणतो किती शांत झालाय आता. रात्री उगाच धापा टाकणं, एकाच सांध्याला चाटत बसणं, पाठीला हात लावला की गुरगुरणं ही पण दुखण्याचीच लक्षणं. आणखी एक कामाची गोष्ट त्यांनी सांगितली, की घरी उठता-बसतानाचा, चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा, कारण क्लिनिकमध्ये आलं की घाबरून कुत्रं एकदम ताठ चालायला लागतं आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. बंड्याने अगदी हेच केलं होतं, त्या टेबलासमोर मिलिटरीत असल्यासारखा चालला.

गोळ्या सुरू झाल्या, पण डॉक्टरांनी सगळ्यात जास्त भर दिला तो वजनावर. तेव्हा ३४ किलोचा होता, २८ वर आणायला आठ महिने लागले. खाणं मोजून द्यायला लागलो तेव्हा घरात मीच व्हिलन, अण्णा टेबलाखालून गुपचूप घास द्यायचे आणि पकडले की वर्तमानपत्र वर धरायचे (तुमचंच). मग त्यांना डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट ऐकवली, की २००२ मध्ये एक अभ्यास छापून आलाय, ४८ लॅब्रॅडॉरांचा, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे साधारण १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचे उपचारही उशिरा लागले. अण्णा म्हणाले, म्हणजे मी त्याला प्रेमाने मारत होतो तर. त्यानंतर बंद. निदान माझ्या देखत तरी.

आणि मॅट. टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात, एकदा घसरून पडलं की ते त्या खोलीत जायचंच सोडतं. आम्हाला वाटत होतं बंड्याला आता स्वयंपाकघरात रस राहिला नाही, हे लॅबच्या वंशजाबद्दल आम्हाला वाटलं, म्हणजे आमचीच कमाल. त्याच्या गादीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत न घसरणाऱ्या मॅटचे तुकडे टाकले, पंजांच्या खालचे केस कापले, नखं दर पंधरा दिवसांनी, पाण्याचं भांडं छातीच्या उंचीवर. घर व्यायामशाळेसारखं दिसायला लागलं, पण तिसऱ्या दिवशी साहेब स्वयंपाकघरात हजर.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की म्हातारपणाकडे दुर्लक्ष करू नका एवढंच ना, कळलं. पण "वय झालंय"ची दुसरी बाजू पण आहे, आणि तिने तर आम्ही त्याला जवळजवळ घालवलाच होता.

तेरा वर्षांचा असताना एका सकाळी उठला तो सरळ आडवा पडला. मान एका बाजूला वाकडी, डोळ्यांची बुबुळं डावी-उजवीकडे भराभर सरकतायत, उभं राहायला गेला की गोल फिरून धाडकन आपटतोय, ओकतोय. आम्हाला वाटलं लकवा मारला. बघायला आलेले सगळे एकच म्हणाले, आता हाल करू नका, तेरा वर्षं म्हणजे खूप झाली, इंजेक्शन देऊन मोकळं करा. आणि मी, खरं सांगते, तयार झाले होते. ह्यांनी गाडी काढली ती त्याच विचाराने.

डॉक्टरांनी कान बघितले, पाय, डोळे तपासले आणि म्हणाले, थांबा. ह्याला व्हेस्टिब्युलर आजार म्हणतात, आतल्या कानाकडची तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडते, म्हाताऱ्या कुत्र्यांत हे कारण न सापडता अचानक होतं, आणि दिसायला जितकं भयंकर तितकं बहुतेक वेळा नसतं. कधी कानातलं इन्फेक्शन किंवा मेंदूतलं काही असू शकतं म्हणून तपासायलाच हवं, पण दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागला तर धीर धरा. ओकारी थांबवायचं औषध दिलं. आम्ही त्याला चादरीत उचलून घरी आणलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, पाणी हाताने पाजलं, शूला न्यायला पोटाखालून टॉवेल घालून दोघांनी उचलायचं. तिसऱ्या दिवशी बुबुळं थांबली. पाचव्या दिवशी भिंतीला टेकून दारूड्यासारखा दारापर्यंत आला. अडीच आठवड्यांत चालायला लागला, मान मात्र कायमची थोडी डावीकडे कललेली राहिली, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तो काहीतरी प्रश्न विचारतोय असं वाटतं.

त्यानंतर दीड वर्ष जगला. ज्यांनी मोकळं करा म्हटलं होतं त्यातले दोघं नंतर त्याच्या वाढदिवसाला येऊन गेले. त्यांना दोष नाही देत, त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण हे किती कुत्र्यांच्या बाबतीत घडत असेल ह्या विचाराने मला रात्री झोप येत नाही, म्हणून हे पेपरात यायला हवं असं वाटतं.

झोपेवरून आठवलं. पुढचे काही महिने आमच्यापैकी कोणीच झोपलं नाही. रात्री तीनला टाइल्सवर नखांचा टक टक टक आवाज, ह्या खोलीतून त्या खोलीत, परत ह्या खोलीत. एकदा उठून बघते तर दाराच्या चुकीच्या बाजूला, जिथे बिजागरी असते तिथे, फटीत नाक घालून उभा. दार उघडंच होतं. म्हणजे त्याला बाहेर जायचं होतं, दारातून जायचं हे माहीत होतं, पण दार कुठल्या बाजूने उघडतं तेवढं हरवलं होतं. मी हाक मारली तर मागे वळता येईना, मागे सरकायचं असतं हेच आठवेना. मी खांद्याला धरून हळूच मागे घेतलं, तेव्हा माझ्याकडे असं बघितलं जसं अनोळखी घरात आलेला सभ्य पाहुणा बघतो. तिथेच जमिनीवर बसून रडले मी, तो उभाच.

ह्यालाही नाव आहे. कुत्र्यांनाही माणसांच्या अल्झायमरशी मिळताजुळता विसरभोळेपणा येतो, मेंदूत त्याच प्रकारचं प्रथिन साठतं. दिवसा झोप, रात्री भटकंती, कोपऱ्यात अडकणं, इतक्या वर्षांची शूची सवय मोडणं, ओळखीच्या माणसांना न ओळखणं. पण असं काही दिसलं की आधी दुखणं, डोळे, ब्लडप्रेशर, किडनी तपासतात, कारण त्यांच्यामुळेही कुत्रं रात्री अस्वस्थ होतं. (डोळ्यांचं पण एक, म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर धुरकटपणा दिसतो तो दर वेळी मोतीबिंदू नसतो, वयानुसार भिंग घट्ट होतं त्याचाही असतो आणि त्यात बऱ्यापैकी दिसतं. फरक डॉक्टर सांगतात.) विसरभोळेपणा पूर्ण बरा होत नाही पण औषधाने, ठरलेल्या वेळा पाळल्याने फरक पडतो. आम्ही फर्निचर हलवणं बंद केलं, पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा लावला, संध्याकाळी उशिरा एक फेरी मारायला लागलो, कोपऱ्यांमध्ये उशा कोंबल्या. ऐकायलाही कमी यायचं, म्हणून झोपेत असताना हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा म्हणजे हादरा कळतो, दचकून चावत नाही. रात्रीच्या पाळ्या लावल्या होत्या तिघांत. सर्वात कमी कुरकुर अण्णांची, ते म्हणाले मी तसाही जागाच असतो, दोघं मिळून भटकू.

ह्या पाळ्यांमध्येच माझ्या लक्षात आलं की भांडं सारखं रिकामं होतंय. अंथरुणातही शू व्हायला लागली होती. एकाने सल्ला दिला की संध्याकाळनंतर पाणी बंद करा म्हणजे रात्री घाण होणार नाही. प्लीज, हे कोणी करू नका. म्हातारं कुत्रं जास्त पाणी पितं ते त्याला लागतं म्हणून, किडन्या लघवी घट्ट करू शकत नाहीत म्हणून पाणी निघून जातं आणि म्हणून ते पितं. पाणी तोडलं तर आतून सुकतं. त्यापेक्षा बाटलीने मोजून भांड्यात ओता आणि दिवसाचा हिशोब ठेवा, किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त म्हणजे नक्कीच जास्त, मग ती किडनी असेल, डायबेटिस असेल, आणखी काही. बंड्या तेव्हा २७ किलोचा आणि पीत होता साडेतीन लिटर. रिपोर्ट आला, किडनी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत साधारण तीन चतुर्थांश किडनी गेलेली असते, त्याआधी कळायला एसडीएमए नावाची टेस्ट आहे, म्हणून सात-आठ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी रक्त-लघवी तपासा असं डॉक्टर कळवळून सांगतात. मोठ्या जातींची कुत्री तर त्याही आधी म्हातारी होतात. सहा महिने म्हणजे लगेच वाटतं आपल्याला, पण कुत्र्याच्या हिशोबात तो मोठा काळ आहे. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, ह्या हिशोबातही दम नाहीये, २०२० साली लॅब्रॅडॉरांच्याच डीएनएवरून जो हिशोब मांडला त्यात एक वर्षाचं कुत्रं तिशीच्या माणसाएवढं निघालं, आधी सुसाट मोठं होतं मग वेग कमी होतो.

किडनी निघाल्यावर जुन्या सांधेदुखीच्या गोळ्या बंद करून दुसरं औषध दिलं, खाणं बदललं, आणि दिवसाआड कातडीखाली सलाइन द्यायला आम्हाला शिकवलं. ह्यांचा हात पहिल्या दिवशी एवढा थरथरला की सुई माझ्या बोटात गेली. दोन्ही खांद्यांच्या मधे कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी, त्यात सुई. सलाइन गेलं की तिथे उंटासारखं मदार यायचं आणि रात्रीतून ते घसरत घसरत पुढच्या पायावर जायचं, सकाळी एक पाय पहिलवानाचा. बंड्या त्या वेळी नुसता अण्णांच्या पायावर हनुवटी टेकून बसायचा. त्यातही मला वाटतं तो आमची सोय बघत होता.

शेवटचं कसं ठरवायचं, हे मला सगळे विचारतात. "तो स्वतःच सांगेल तुला" असं लोक म्हणतात. आम्हाला नाही सांगितलं त्याने काही. जो प्राणी वर्षभर खुबे दुखतायत हे सांगत नाही तो हे काय सांगणार! डॉक्टरांनी आम्हाला एक तक्ता दिला, अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्यांचा. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, असे सात मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दहा मार्क, बेरीज ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय. मला आधी हे फार कोरडं वाटलं, परीक्षेचे मार्क देतात का कोणी आपल्या माणसाला. पण तिघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे ठरवलं तेव्हा कळलं की मी भुकेला सात देत होते कारण तो माझ्या हातून चार घास खायचा, अण्णांनी दोन दिले होते. ते म्हणाले, तो तुझ्यासाठी खातो. सोबत कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक, वाईट दिवसाला फुली. डोकं खोटं बोलतं, काल बरा होता की म्हणतं. कॅलेंडरवर सलग अकरा फुल्या होत्या.

शेवटच्या महिन्यात तो उठू शकत नव्हता. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कोपर आणि खुब्याला जखमा होतात, आणि एक झालीच, रुपयाएवढी. डायपर, कोमट पाण्याने पुसणं, पावडर. ह्याचं मला कधी ओझं वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. दोनदा त्याच्यावर ओरडले. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, आणि बाकीच्यांनी मला खुशाल नावं ठेवावीत.

डॉक्टर घरी आले. तेव्हा नेमकं काय होतं ते मी लिहितेय, कारण मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, त्याने तो गाढ झोपला, घोरायला पण लागला. मग पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटॉल, हे भुलीचंच औषध, पण खूप मोठ्या डोसमध्ये. शुद्ध काही सेकंदांत जाते आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. नंतर स्नायू फुरफुरतात, कधी एखादा श्वास घेतल्यासारखा झटका येतो, शू होते. त्यात त्याला काही जाणवत नसतं, पण माहीत नसेल तर आपण आयुष्यभर तेच आठवत बसतो. अण्णांनी कान धरून ठेवला होता त्याचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, डावा.

मुलीच्या बाबतीत मात्र चुकलोच. आठ वर्षांची आहे. तिला शाळेतून आल्यावर सांगितलं, बंड्याला इंजेक्शन दिलं आणि तो गेला. आपण मराठीत असंच म्हणतो ना, इंजेक्शन दिलं. तीन आठवड्यांनी तिला ताप आला, डॉक्टरांनी सुई काढली आणि पोरीने जो आकांत केला, मला मारणार मला मारणार म्हणून, त्या डॉक्टरांना काही कळेना. मग तिथेच बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं, किडनी म्हणजे काय, बरं होणार नव्हतं म्हणजे काय, ते औषध वेगळं, हे औषध वेगळं. नीट ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, "अण्णांचं पण वय झालंय ना?" अण्णा शेजारच्याच खुर्चीत. म्हणाले, "वय झालंय गं, पण ब्लड टेस्ट नॉर्मल आहे."

तर संपादक महाराज, माझी मागणी छोटी आहे. पिल्लांचे लेख छापा, हवे तेवढे छापा, पण वर्षातून एकदा तरी एखाद्या पशुवैद्यांकडून म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांवर लिहून घ्या, दुखणं कसं ओळखायचं, रक्त कधी तपासायचं, झोपेत श्वास कसे मोजायचे (मिनिटाला ३० च्या वर सतत जात असतील तर हृदय तपासून घ्यायचं, हे मला फार उशिरा कळलं), शेवटी काय विचारायचं. पत्र जागेच्या मानाने फारच मोठं झालंय हे दिसतंय मला. कापायचं असेल तर माझं रडणं कापा, कॅलेंडर कापा, पण अण्णांच्या गोळीचा पॅरा आणि मान वाकडी होण्याचा पॅरा तेवढे राहू द्या.

कळावे,
आपली एक नियमित वाचक

ता. क. मॅट अजून काढलेल्या नाहीत. मी मागच्या आठवड्यात गुंडाळायला घेतल्या तर अण्णा म्हणाले राहू दे, मलाही त्यांच्यावरून चालायला बरं पडतं.